ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड यांचा प्रतिकारक पेशींच्या संकेतवहनावरील परिणाम

शरीरातील रोगप्रतिकारक पेशी आपल्या भोवतालच्या ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड या दोन वायूंचे प्रमाण ओळखतात आणि त्यानुसार आपले वर्तन बदलतात. जंतूंवर तुटून पडायचे की थांबायचे, दाह (लाली, उष्णता, सूज व वेदना असलेली प्रतिक्रिया) वाढवायचा की शमवायचा, किती काळ जगायचे, हे पेशीच्या आत एकमेकांना निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या साखळ्यांमधून ठरते. या साखळ्यांच्या कार्याला संकेतवहन असे म्हणतात. वरील दोन वायूंची पातळी ही संकेतवहनावर परिणाम करणारी स्वतंत्र खूण आहे, हे गेल्या तीन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

शालेय पाठ्यपुस्तकांत ऑक्सिजन हा अन्नाचे ज्वलन करणारा वायू आणि कार्बन डायऑक्साइड हा टाकाऊ वायू म्हणून येतो. दोन्ही वर्णने खरी असली तरी अपुरी आहेत. ढोबळ मानाने सांगायचे तर ऑक्सिजन कमी झाला की जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी अधिक आक्रमक व दीर्घायुषी होतात. उलट कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याच पेशी मंदावतात. या नियमाला अपवाद बरेच आहेत आणि ते पुढे येतील. तथापि फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारांत एकाच रुग्णाच्या शरीरात ऑक्सिजनची उणीव आणि कार्बन डायऑक्साइडचा साठा या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. त्यामुळे हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

शरीरातील वायूंच्या पातळ्या

मिश्रणातील एखाद्या वायूचे प्रमाण त्याच्या आंशिक दाबाने सांगण्याची पद्धत आहे. समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो आणि हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असल्याने त्याचा आंशिक दाब १६० मिमीच्या आसपास येतो. श्वासाबरोबर आत गेलेल्या हवेत पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड मिसळल्यामुळे फुप्फुसांतील वायुकोशांत हा आकडा १०० पर्यंत उतरतो. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्तात तो साधारण ७५ ते १०० आणि हृदयाकडे परतणाऱ्या मिश्र शिरारक्तात सुमारे ४० मिमी असतो. पानथरी व लसीका ग्रंथी ही प्रतिकारक पेशींची मुक्कामाची ठिकाणे. तेथे प्राण्यांवरील मोजणीत ऑक्सिजन अवघा ०.५ ते ४.५ टक्के आढळला आहे. अस्थिमज्जेत रक्तपेशी जन्मतात, तेथेही ऑक्सिजन बेताचाच असतो. मोठ्या आतड्याच्या पोकळीत तर तो जवळजवळ नसतोच.

कार्बन डायऑक्साइडचा उतार नेमका उलट्या दिशेने आहे. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के, म्हणजे आंशिक दाब एक मिमीहूनही कमी. धमनीतील रक्तात मात्र तो ३५ ते ४५ मिमी असतो आणि शिरारक्तात त्याहून थोडा अधिक. म्हणजे आपल्या पेशी बाहेरच्या हवेच्या शंभरपटीहून अधिक कार्बन डायऑक्साइडमध्ये कायमच वावरत असतात.

अस्थिमज्जेत जन्मलेली न्यूट्रोफिल जातीची श्वेतपेशी रक्तातून वाहत जाऊन एखाद्या जखमेत शिरते, तेव्हा अल्पावधीत ती कमी ऑक्सिजनातून भरपूर ऑक्सिजनात व तेथून पुन्हा अतिशय कमी ऑक्सिजनात येते. पेशीला हा फरक ओळखता येणे म्हणजे एका अर्थी आपण कोठे आहोत हे ओळखता येणे होय.

प्रयोगशाळेतील पद्धतीविषयी येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. पेशी वाढवण्याच्या उबवणपेटीत परंपरेने हवा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. हा ५ टक्के आकडा रक्तातील ४० मिमीच्या जवळ जाणारा आहे, कारण संवर्धनद्रवाची आम्लता राखण्यासाठी तो जाणीवपूर्वक निवडण्यात आला. ऑक्सिजनकडे मात्र तसे लक्ष दिले गेले नाही आणि तो १८ ते २० टक्के, म्हणजे ऊतकांतील पातळीच्या कितीतरी पट राहिला. प्रतिकारक पेशींविषयीचे पुष्कळसे जुने निष्कर्ष अशा अनैसर्गिक मुबलकतेत काढलेले आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

ऑक्सिजन ओळखण्याची यंत्रणा

ऑक्सिजन कमी झाल्यावर पेशींत जागी होणारी प्रमुख प्रथिनजोडी ‘एचआयएफ’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचा शोध रक्तवाढीच्या अभ्यासातून लागला. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करतात व त्यामुळे तांबड्या पेशी वाढतात, हे पूर्वीच ठाऊक होते. त्या संप्रेरकाच्या जनुकाला कोण चालू करते, याचा माग काढताना अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ग्रेग सेमेन्झा व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९२ साली एक प्रथिन आढळले. १९९५ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याचे अल्फा व बीटा असे दोन घटक आहेत. बीटा पेशीत नेहमीच असतो. अल्फा मात्र सतत तयार होतो आणि ऑक्सिजन पुरेसा असल्यास काही मिनिटांतच नष्ट केला जातो.

अल्फा घटक तयार करून लगेच मोडून टाकण्याचा हा उद्योग वरकरणी उधळपट्टीचा वाटतो. त्याचा लाभ असा, की ऑक्सिजन घटताच पेशीला नवे प्रथिन घडवण्यात वेळ घालवावा लागत नाही. मोडणे थांबवले की काम भागते.

हे मोडणे कसे घडते याचा उलगडा १९९९ ते २००१ या काळात झाला. बोस्टन येथील विल्यम केलिन हे फॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक अर्बुदरोगाचा अभ्यास करीत होते आणि ऑक्सफर्ड येथील पीटर रॅटक्लिफ एरिथ्रोपोएटिनचा. दोघांची वाट एकाच ठिकाणी मिळाली. त्या रोगात बिघडणारे ‘व्हीएचएल’ हे प्रथिनच अल्फा घटकाला हेरते व त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी चिकटवण्याची व्यवस्था करते. अशी चिठ्ठी लागलेले प्रथिन पेशीतील विघटनयंत्रात जाते. परंतु व्हीएचएल अल्फाला ओळखते ते त्याच्यावरील दोन ठराविक प्रोलीन अमिनो आम्लांना हायड्रॉक्सिल गट जोडलेला असेल तरच. हा गट जोडणाऱ्या विकरांना (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) ‘पीएचडी’ विकरे म्हणतात. त्यांना काम करण्यासाठी ऑक्सिजन, लोह व २-ऑक्सोग्लुटारेट हा चयापचयातील पदार्थ लागतो. क जीवनसत्त्व लोहाला योग्य अवस्थेत ठेवते. ऊतकांत नेहमी असणारा ऑक्सिजन या विकरांना पूर्ण वेगाने चालण्यास पुरत नाही, त्यामुळे ऑक्सिजन थोडा जरी कमीजास्त झाला तरी त्यांचा वेग बदलतो. संवेदक म्हणून त्यांची योग्यता याच गुणात आहे. केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना या कार्याबद्दल २०१९ सालचे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयातील नोबेल पारितोषिक देण्यात आले.

लोह आणि २-ऑक्सोग्लुटारेट यांची गरज ही तांत्रिक बारीकसारीक गोष्ट नाही. तिच्यामुळे पेशीतील अन्नविघटनाचा हिशेब थेट ऑक्सिजनच्या संवेदकाशी जोडला जातो, आणि प्रतिकारक पेशी याच दुव्याचा उपयोग करून घेतात.

जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी

न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज (मोठ्या भक्षक पेशी) यांचे रणक्षेत्र बहुधा ऑक्सिजनची टंचाई असलेलेच असते. जखमेत रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, सुजेमुळे ऑक्सिजनला दूरवर झिरपावे लागते आणि जंतूही तो वापरत असतात. शिवाय न्यूट्रोफिल स्वतःच तो संपवतात. जंतू गिळल्यावर त्यांच्यातील एक विकर ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड व पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी मारक द्रव्ये बनवते. या क्रियेत ऑक्सिजन झपाट्याने खर्च होतो. आतड्याच्या अस्तरातून न्यूट्रोफिलांचा लोंढा पार जातो तेव्हा अस्तराच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडून त्यांच्यात एचआयएफ जागे होते आणि त्यातून दाह निवळण्यास मदत होते, असे २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. ज्यांच्यात हे विकर जन्मतःच निकामी असते, त्या दीर्घकालीन ग्रॅन्युलोमा रोगाच्या रुग्णांना वारंवार जंतुसंसर्ग होतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या आतड्याचा दाह बरा होत नाही.

या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः ऑक्सिजनविना होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनावर अवलंबून असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या भक्षक पेशींतून एचआयएफ-१ अल्फाचे जनुक काढून टाकण्यात आले. त्या पेशींतील ऊर्जेचा साठा घटला, त्यांची हालचाल मंदावली आणि जंतू मारण्याची क्षमता कमी झाली. यावरून एचआयएफ हे केवळ संकटकाळचे प्रथिन नसून या पेशींच्या रोजच्या कामाचा आधार आहे, हे स्पष्ट झाले.

दुसरा परिणाम आयुर्मानाचा. न्यूट्रोफिल मुळात अल्पायुषी असून शरीराबाहेर साधारण दिवसभरात नियोजित पेशीमृत्यूने संपतात. ऑक्सिजन कमी ठेवल्यास त्यांचा हा मृत्यू लांबतो. २००५ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवले, की हे एचआयएफ-१ अल्फा व ‘एनएफ-कप्पा-बी’ या दोन प्रथिनांच्या सहकार्यातून घडते. व्हीएचएल जनुकाची एक प्रत बिघडलेल्या माणसांच्या न्यूट्रोफिलांतही मृत्यू लांबलेला आणि जंतुभक्षण वाढलेले आढळले. जंतुसंसर्गात हे उपकारक ठरते. परंतु संसर्ग संपल्यावरही न्यूट्रोफिल मरत नसतील, तर त्यांतील दाहक द्रव्ये आपल्याच ऊतकांची हानी करतात.

एनएफ-कप्पा-बी हे दाहाशी संबंधित शेकडो जनुके चालू करणारे प्रथिनकुल आहे. एरवी ते पेशीद्रवात एका अवरोधक प्रथिनाने बांधून ठेवलेले असते. जंतूची चाहूल लागली की ‘आयकेके’ नावाचे विकर तो बांध तोडते व एनएफ-कप्पा-बी पेशीकेंद्रकात जाते. ऑक्सिजनच्या यंत्रणेशी याचा दुहेरी संबंध आहे. पीएचडी विकरे आयकेकेला लगाम घालतात, म्हणून ऑक्सिजन घटला की तो लगाम सैल होतो. आणि एनएफ-कप्पा-बी हे एचआयएफ-१ अल्फाच्या जनुकाला चालना देते. त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असतानाही केवळ जंतूच्या स्पर्शाने एचआयएफ वाढू शकते.

या दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण आयर्लंडमधील ल्यूक ओ’नील यांच्या गटाने २०१३ साली दिले. जिवाणूच्या भित्तिकेतील विषद्रव्याने चेतवलेल्या मॅक्रोफेजमध्ये सक्सिनेट हा चयापचयातील पदार्थ साचतो. सक्सिनेट हा पीएचडी विकरांच्या क्रियेतून बाहेर पडणारा पदार्थ असल्याने तो साचला की विकरे अडतात, एचआयएफ-१ अल्फा टिकून राहते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे तापकारक व दाहकारक प्रथिन तयार होते. येथे ऑक्सिजनची खरी टंचाई नाही, टंचाईचा नुसता आभास आहे.

सर्वच परिणाम पेशीला बळ देणारे नसतात. सुपरऑक्साइड बनवायला ऑक्सिजन हा कच्चा मालच असल्याने तो अतिशय कमी झाला की न्यूट्रोफिलांचे हे एक शस्त्र बोथट होते. अधिक काळ जगलेली परंतु शस्त्र हरवलेली पेशी, असे काहीसे विचित्र चित्र गळवांच्या गाभ्यात दिसते.

टी व बी पेशी

अर्जित प्रतिकारशक्तीच्या पेशींबाबत चित्र अधिक गुंतागुंतीचे असून काही निष्कर्ष परस्परविरोधीही आहेत. २०११ साली दोन गटांनी दाखवले, की एचआयएफ-१ अल्फा टी पेशींना दाह वाढवणाऱ्या ‘टीएच-१७’ प्रकाराकडे वळवते व दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींना मागे सारते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला कमी ऑक्सिजनात नियामक पेशींचे ओळखचिन्ह असलेले ‘फॉक्स-पी-३’ वाढलेले दिसले. ऊतक कोणते, ऑक्सिजन किती काळ कमी होता आणि सोबत कोणती सायटोकाइने (पेशींनी परस्परांना पाठवलेली निरोपी प्रथिने) होती, यांनुसार उत्तर बदलते. बी पेशी जेथे प्रतिपिंडे सुधारून घेतात, ती लसीका ग्रंथीतील जननकेंद्रे ऑक्सिजनने दरिद्री असतात आणि कोणत्या वर्गाचे प्रतिपिंड तयार व्हावे यावर एचआयएफचा प्रभाव पडतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसते.

दाहग्रस्त ऊतकात आणखी एक संकेत काम करतो, तो ॲडिनोसिनचा. इजा झालेल्या पेशींतून एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बाहेर पडतो. पेशीपृष्ठावरील ‘सीडी-३९’ व ‘सीडी-७३’ ही विकरे त्याचे ॲडिनोसिनमध्ये रूपांतर करतात, आणि ऑक्सिजन कमी असताना सीडी-७३ वाढते. ॲडिनोसिन टी पेशींवरील ए-२-ए ग्राहीला चिकटून त्यांना शांत करतो. ऑक्सिजनची टंचाई अशा रीतीने ‘पुरे झाले’ असाही निरोप देते. मिखाईल सिटकोव्स्की यांच्या गटाने २००५ साली उंदरांवर केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. फुप्फुसांना तीव्र दाह असलेल्या उंदरांना शुद्ध ऑक्सिजन दिला असता दाह व हानी वाढली. ए-२-ए ग्राही चेतवणारे द्रव्य दिल्यावर ती आटोक्यात आली. ऑक्सिजनने टंचाई दूर केली आणि तिच्यासोबत टंचाईचा संरक्षक निरोपही पुसला, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. याच गटाने २०१५ साली अर्बुदे असलेल्या उंदरांना ६० टक्के ऑक्सिजन दिला, तेव्हा तोच निरोप पुसला जाण्याचा उलट लाभ झाला: टी पेशी अर्बुदात शिरल्या व अर्बुदे आक्रसली.

कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजनचा दाब पुष्कळदा १० मिमीच्याही खाली असतो. तेथे एचआयएफमुळे ‘पीडी-एल-१’ हे टी पेशींना रोखणारे पृष्ठप्रथिन वाढते. त्यात सततची चेतना आणि ऑक्सिजनची टंचाई एकत्र आली, की टी पेशींची ऊर्जाकेंद्रे (तंतुकणिका) बिघडून त्या लवकर थकतात.

कार्बन डायऑक्साइडचे परिणाम

कार्बन डायऑक्साइडकडे संशोधकांचे लक्ष बरेच उशिरा गेले. त्याचे एक कारण असे, की हा वायू पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल बनवतो. त्यामुळे दिसलेला परिणाम वायूचा की आम्लतेचा, हे वेगळे करणे कठीण जाते.

२००९ साली अमेरिकी संशोधकांनी फळमाशीवरील प्रयोगांत दाखवले, की कार्बन डायऑक्साइड वाढवल्यास माशीतील काही जंतुनाशक प्रथिनांची निर्मिती घटते आणि जिवाणुसंसर्गाने अधिक माश्या मरतात. हा परिणाम आम्लतेने घडत नव्हता. पुढच्या वर्षी सस्तन प्राण्यांच्या पेशींविषयी दोन महत्त्वाची संशोधने प्रसिद्ध झाली. डब्लिन येथील गटाला आढळले, की कार्बन डायऑक्साइड वाढला की आयकेके विकराचा अल्फा घटक पेशीकेंद्रकात जातो. त्याच वेळी दाहाची काही जनुके मंदावतात व दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० वाढते. वायूची पातळी पूर्ववत केली की हा बदलही मागे फिरतो. शिकागो येथील गटाने मॅक्रोफेजमध्ये इंटरल्यूकिन-६ व टीएनएफ या दोन सायटोकाइनांची निर्मिती आणि जंतुभक्षण कमी झाल्याचे दाखवले. विशेष म्हणजे या प्रयोगात इंटरल्यूकिन-१० व इंटरफेरॉन-बीटा यांवर परिणाम झाला नाही, म्हणजे हा वायू पेशीला सरसकट बधिर करत नाही. तो निवड करतो. दोन प्रयोगशाळांतील इंटरल्यूकिन-१० विषयीचा फरक बहुधा पेशी व परिस्थिती निराळ्या असल्यामुळे आहे.

ऑक्सिजनसाठी जसे पीएचडी विकर सापडले, तसा कार्बन डायऑक्साइडचा एकच सर्वमान्य संवेदक प्रतिकारक पेशींत सापडलेला नाही. काही मार्ग मात्र ज्ञात आहेत. कार्बोनिक ॲनहायड्रेज हे विकर त्याचे बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करते आणि बायकार्बोनेट एका विद्राव्य ॲडिनिलेट सायक्लेज विकराला थेट चेतवून चक्रीय एएमपी हा अंतर्गत निरोप्या वाढवते. दुसरा मार्ग अधिक सरळ आहे: हा वायू प्रथिनावरील लायसीन अमिनो आम्लाच्या अमिनो गटाला स्वतःच जोडला जातो व प्रथिनाचा आकार किंवा कार्य बदलतो. हीमोग्लोबिनच्या बाबतीत अशी जोडणी जुन्या काळापासून ठाऊक आहे. २०१३ साली कोनेक्सिन-२६ या पेशीपटलातील मार्गिकेबाबत ती सिद्ध झाली आणि नंतर युबिक्विटिनवरही ती आढळली. एनएफ-कप्पा-बीची संपूर्ण वाट युबिक्विटिनच्या चिठ्ठ्यांवर चालते, हे पाहता या शेवटच्या निष्कर्षाचे महत्त्व लक्षात येईल.

जिवंत प्राण्यांत याचा परिणाम काय होतो, याचे उत्तर २०१३ सालच्या एका प्रयोगाने दिले. १० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत ठेवलेल्या उंदरांना स्यूडोमोनास जिवाणूचा न्यूमोनिया झाला, तेव्हा साध्या हवेतील उंदरांपेक्षा त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. त्यांचे न्यूट्रोफिल जंतू नीट गिळत नव्हते आणि मारक ऑक्सिजनद्रव्येही कमी बनवत होते. मूत्रपिंडांनी रक्ताची आम्लता भरून काढल्यावरही धोका तितकाच राहिला. मात्र संसर्गापूर्वी उंदरांना साध्या हवेत परत आणले की धोका नाहीसा झाला.

पोटाच्या दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेत उदरपोकळी कार्बन डायऑक्साइडने फुगवली जाते. अशा वातावरणात ठेवलेल्या उदरावरणाच्या मॅक्रोफेजमध्ये आतील आम्लता वाढून टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ यांची निर्मिती तात्पुरती घटते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. या शस्त्रक्रियेनंतर दाह कमी असण्याचे मुख्य कारण लहान जखम हेच असले, तरी वायूचाही थोडा हातभार असू शकतो.

दोन्ही वायू एकत्र

शरीरात हे दोन वायू क्वचितच एकमेकांपासून सुटे असतात. कार्बन डायऑक्साइड वाढला की हीमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते, हा परिणाम ख्रिस्तियन बोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ सालीच वर्णिला होता. संकेतवहनातही त्यांची गाठ पडते. डब्लिनच्या गटाने २०१६ साली दाखवले, की ऑक्सिजन कमी असतानाही सोबत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असेल, तर एचआयएफचा अल्फा घटक पुरेसा साचत नाही. पेशीतील आम्लता वाढून तो दुसऱ्या वाटेने, लायसोसोममध्ये, नष्ट होतो. अशा पेशीला टंचाई सोसावी लागते आणि टंचाईशी जुळवून घेण्याचे साधनही अपुरे पडते. धूम्रपान वा चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या दीर्घकालीन श्वसनरोधाच्या रुग्णांना वारंवार छातीचे संसर्ग का होतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे, असे मानले जाते.

क्षयरोग

भारताच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत निकटचा संबंध क्षयरोगाशी आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षयाच्या जंतूंभोवती मॅक्रोफेज व टी पेशींचा वेढा पडून ग्रॅन्युलोमा नावाची गाठ बनते. सशांच्या फुप्फुसांतील अशा गाठींत २००८ साली ऑक्सिजनचा दाब २ मिमीहूनही कमी मोजण्यात आला. जंतूला हे वातावरण ओळखीचे असते. ऑक्सिजन हळूहळू काढून घेतला की तो ‘डॉस-आर’ या नियंत्रकाखालील जनुके चालू करून वाढ थांबवतो व सुप्त होतो. लॉरेन्स वेन यांनी परीक्षानळीत उभी केलेली ही सुप्तावस्था आजही संशोधनात प्रमाण मानली जाते. सुप्त जंतूवर आयसोनियाझिडसारखे, वाढत्या जंतूवर प्रभावी असणारे औषध फारसे चालत नाही. क्षयाचे उपचार महिनोन्‌महिने चालवावे लागण्यामागे असे सुप्त जंतू हे एक प्रमुख कारण आहे. मानवी ग्रॅन्युलोमातील ऑक्सिजनटंचाई मॅक्रोफेजमधील एचआयएफद्वारे ऊतक कुरतडणारी विकरेही वाढवते, व त्यामुळे फुप्फुसात पोकळी पडण्यास हातभार लागतो.

अतिदक्षता विभागातील उपयोग

कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या फुप्फुसांना ताणाने इजा होऊ नये म्हणून प्रत्येक श्वासाचे आकारमान लहान ठेवतात. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. लहान श्वासांमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड काहीसा साचतो आणि तो मर्यादेपर्यंत चालवून घेतला जातो. काही काळ तर हा साठा दाह कमी करणारा म्हणून स्वतःच हितकर मानला जात होता. प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणाऱ्या इजेत तो लाभदायक ठरलाही. परंतु दीर्घकाळ चाललेल्या जिवाणुजन्य न्यूमोनियात फुप्फुसांतील जंतूंची संख्या वाढली. दाह शमवणे व प्रतिकार शमवणे यांतील अंतर येथे फार थोडे असते.

ऑक्सिजनचेही असेच आहे. तीव्र श्वसनक्लेशाच्या रुग्णांत धमनीतील ऑक्सिजनचा दाब ५५ ते ७० मिमी ठेवावा की ९० ते १०५, हे पाहणारी फ्रान्समधील चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. कमी ऑक्सिजनच्या गटात पाच रुग्णांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाला होता. याउलट दीर्घकालीन श्वसनरोधाचा झटका आलेल्या रुग्णांना सरसकट भरपूर ऑक्सिजन देण्याऐवजी रक्तातील संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच बेताने दिल्यास मृत्यू कमी होतात, असे टास्मानियातील २०१० सालच्या चाचणीत आढळले. जादा ऑक्सिजनने अशा रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचतो, हे त्याचे मुख्य स्पष्टीकरण आहे.

पीएचडी विकरांना रोखून एचआयएफ वाढवणारी औषधे मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयावर वापरली जातात. रोक्साडुस्टॅट व भारतात विकसित होऊन २०२२ साली मान्यता मिळालेले डेसिडुस्टॅट ही त्यांची उदाहरणे होत. उलट बाजूने, एचआयएफ-२ ला अडवणाऱ्या बेल्झुटिफॅन या औषधाला फॉन हिप्पेल-लिंडाऊ रोगातील अर्बुदांसाठी २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

कोविड-१९ च्या साथीत घरोघरी पोहोचलेले बोटावरचे ऑक्सिमीटर धमनीतील हीमोग्लोबिनची ऑक्सिजन-संपृक्तता दाखवते. ९० टक्के ही नोंद साधारण ६० मिमी दाबाशी जुळते. प्रतिकारक पेशी जेथे काम करतात त्या ऊतकातील ऑक्सिजन या उपकरणाला मोजता येत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडविषयी ते काहीच सांगत नाही. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या बोटावर ९५ टक्के दिसत असतानाही रक्तात कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीपर्यंत साचलेला असू शकतो. तो मोजण्यासाठी धमनीतून रक्त घेऊन वायूंची तपासणी करतात किंवा उच्छ्वासातील वायू मोजतात.